टांगायचं नाही

खोली दाखवताना त्यांनी मला स्वयंपाकघराचे नियम सांगितले नाहीत, पाहुण्यांचे सांगितले नाहीत, कांदा-लसूण चालतं का तेही विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "गॅरेज उघडायचं नाही. गाडी बाहेर लावा."

अमेरिकेतल्या वाळवंटात, चँडलरमध्ये, ऐन उन्हाळ्यात, गाडी बाहेर. मी नागपूरची. उन्हाचं कौतुक मला कुणी सांगू नये. पण इथलं स्टीअरिंग दुपारी हातात धरवत नाही, तव्यावरची पोळी उलटवावी तसं बोटांच्या टोकांनी फिरवावं लागतं. तरी मी हो म्हटलं. नोकरी नवी होती, कॉम्प्युटरच्या चिपचा कारखाना जवळ होता आणि घरमालक मराठी होते. पुण्याचा घरमालक म्हणजे काय प्रकरण असतं हे मला माहीत होतं, पण परदेशात आल्यावर माणूस असलं सगळं विसरतो.

मी त्यांना काका म्हणायचे. ते मला 'अहो' म्हणायचे. माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस, स्वतःच्या घरात, माझ्यासारख्या पोरीला म्हणणार, "अहो, तुमची कणीक बाहेर राहिलीय." मी कितीदा म्हटलं, काका, अगं म्हणा, तू म्हणा. म्हणाले, "तुम्ही भाडं देता." विषय संपला.

काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलती एक मुलगी जर्सी सिटीत एका उंच इमारतीत राहायची, मॅनहॅटनला नोकरीला जायची आणि रोज संध्याकाळी फोन करून इंग्रजीत काळजी करायची. काका मराठीत उत्तरं द्यायचे. दोघांपैकी कुणीही आपली भाषा सोडली नाही. ऐकणाऱ्याला वाटावं, दोन वेगळे फोन चाललेत.

घरात कपडे धुवायची खोली होती आणि तिथूनच गॅरेजचं दार. त्या दाराखालून एरंडेलाचा वास यायचा. खरंखुरं एरंडेल, लहानपणी नाक दाबून पाजायचे ते. मला वाटलं, काकांना पोटाचा त्रास आहे, संकोचानं बोलत नाहीत. म्हणून मी बाजारातून पपई आणून ठेवायला लागले. काका मुकाट्यानं खायचे. एकदा म्हणाले, "तुम्हाला पपई फार आवडते वाटतं." मी म्हटलं, हो. मग मलाही खावी लागली.

मागच्या अंगणात एका काठीला काकूंच्या पोलक्याची बाही बांधलेली होती. खणाची, हिरवी, उन्हानं विटलेली. दोन्ही तोंडं उघडी, त्यामुळे वारा आत शिरला की बाही फुगून उभी राहायची. काका सकाळी उठले की आधी बाही बघायचे, मग तोंड धुवायचे. भाजी आणायला निघाले तरी बाही. मी विचारलं, काका, भाजीला वारा कशाला बघायचा? म्हणाले, "बघून ठेवावा."

गाडीत बसले की त्यांचा एक विधी असायचा. चाक डावीकडे फिरवायचे, "डावं." उजवीकडे फिरवायचे, "उजवं." खिडकीतून मान काढून खरंच चाकं त्या बाजूला वळलीत का बघायचे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, बाप्पा, या माणसाला लायसन्स कुणी दिलं. पण ते शांतपणे म्हणाले, "उलटं जोडलेलं असलं तर जमिनीवर कळावं. वर गेल्यावर कळून काय उपयोग?" गाडी वर कुठं जाते, हे विचारायचं मला तेव्हा सुचलं नाही.

महाराष्ट्र मंडळाच्या जेवणावळीतही त्यांचं हेच. कुणाचा मुलगा अभ्यास करत नाही, कुणाच्या सुनेचं पटत नाही, सगळ्यांना एकच औषध: "हात काढा. आपण जास्त हलवतो म्हणून पडतं." लोक माना डोलवायचे आणि मागं वळून हसायचे.

त्यांचा उजवा हात थरथरायचा. चहा ते स्टीलच्या पेल्यात, अर्धाच भरून घ्यायचे. उरलेला अर्धा नंतर घ्यायचे. कुणी मदतीला हात पुढं केला तर पेला खाली ठेवून त्या माणसाकडे बघत राहायचे, हात मागं जाईपर्यंत.

मुलगी एका थंडीत आठवडाभराची रजा घेऊन आली. बाबांचं घर आवरायचं ठरवून आली होती. "बाबा, द गॅरेज इज अ फायर हॅझर्ड," ती म्हणाली. काकांनी किल्ली काढून तिच्यासमोर ठेवली. तिनं दार उघडलं आणि मी पहिल्यांदा आत पाहिलं.

विमानं. भिंतीवर, फळ्यांवर, जमिनीवर, जुन्या पाळण्यात. कुणाला एक पंख, कुणाला नाक नाही. हलक्या लाकडाचे सांगाडे, वर ताणून बसवलेला कागद, तेलानं पिवळा पडलेला. वास त्याचाच होता. इंधनात एरंडेल मिसळायचे काका, जुन्या पद्धतीनं. मी खाल्लेली सगळी पपई मला आठवली.

मधोमध टेबलावर एक लाल विमान होतं, माझ्या दोन हातांत मावणार नाही एवढं मोठं. ते तेवढं अख्खं होतं.

मुलीनंच मला गोष्ट सांगितली. काका पुण्यात, तरुणपणी, हवाई दलातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांकडे ही विमानं बनवायला आणि उडवायला शिकले. अमेरिकेत आल्यावर दर शनिवारी गावाबाहेरच्या वाळवंटात, क्लबच्या मैदानावर जायचे. मग हात थरथरायला लागला. एका शनिवारी विमान उतरताना वाकडं झालं आणि पार्किंगमधल्या गाडीच्या काचेवर आदळलं. गाडी काकांचीच होती. आत कुणी नव्हतं. क्लबमधलं कुणी काही बोललं नाही, बोलायला काकांनी वेळच दिला नाही. सामान भरलं, घरी आले, गॅरेजला कुलूप लावलं. "ही क्विट बिफोर दे कुड आस्क हिम टू," मुलगी म्हणाली. तिला ते शहाणपण वाटत होतं. मला नाही वाटलं. जो माणूस रोज सकाळी बाही बघतो त्यानं काही सोडलेलं नसतं.

मुलीनं फोटो काढून सगळं विकायला टाकलं. काका हो म्हणाले होते. खरंच म्हणाले होते, मी साक्षीदार आहे. दुसऱ्या दिवशी एक तरुण दाढीवाला लाल विमान बघायला आला. मोठा सभ्य माणूस. त्यानं विमान सगळीकडून पाहिलं, फार सुंदर आहे म्हणाला, विचारली ती किंमत कबूल केली. काकांनी विचारलं, कुठं उडवणार? तो हसला. म्हणाला, उडवणार नाही, मी डाउनटाउनला बार काढतोय, काउंटरच्या वर छताला टांगणार.

"टांगणार?" काका म्हणाले. मराठीतच.

दाढीवाल्यानं विमान उचलून दाखवलं, असं, तारेनं, जरा तिरकं. इंजिन काढून टाकू म्हणाला, तेल ठिबकायला नको, खाली गिऱ्हाईकं बसतात.

काकांनी विमान त्याच्या हातातून काढून घेतलं. हात थरथरत होता, विमान नाही. "नॉट फॉर सेल," ते म्हणाले.

"बाबा, यू अग्रीड!"

"मी विकायला हो म्हटलं होतं. फाशी द्यायला नाही."

दाढीवाला बिचारा गेला. जाताना पत्ता ठेवून गेला, मन बदललं तर कळवा म्हणाला. काकांनी तो कागद फाडला नाही. फ्रीजवर चुंबकानं लावला, उघड्यावर, येताजाता दिसेल असा. आणि त्या शनिवारी पहाटे माझ्या दारावर टकटक केली. "अहो, जरा चला. माझ्या शेजारी उभं राहायला माणूस लागतं."

मैदान म्हणजे वाळवंटातच एक डांबरी पट्टी, बाजूला जाळी, दोन-चार मांडव, घडीच्या खुर्च्या आणि पांढऱ्या केसांची माणसं. मिशीवाले एक अमेरिकन गृहस्थ तिथले इन्स्ट्रक्टर होते, विमान कंपनीतून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी काकांना मिठी मारली आणि लगेच म्हणाले, इतकी वर्षं झाली, आता नियमानं पुन्हा परीक्षा द्यावी लागेल. त्यांची नजर काकांच्या हातावर होती.

परीक्षा अशी. दोन ट्रान्समीटर एकमेकांना जोडायचे. मी एकदा रिमोट म्हटलं तर काका म्हणाले, रिमोट टीव्हीचा असतो. तर दोन ट्रान्समीटर. विमान काका उडवणार, पण दुसरा ट्रान्समीटर मिशीवाल्यांच्या हातात. धोका वाटला की त्यांनी बटण दाबायचं, त्या क्षणी विमान त्यांचं. बटण न दाबता काकांनी विमान उडवून उतरवलं तर पास, मग एकट्यानं उडवायची परवानगी.

आता मेख इथं होती. अमेरिकेत सगळे जण विमानाचं नाक वर-खाली करायची दांडी उजव्या हातात ठेवतात आणि पंख कलवायचं कामही तीच दांडी करते. म्हणजे सगळा कारभार उजव्या हाताकडे. काका पुण्यात शिकले तसं नाक डाव्या हातात ठेवायचे, पंख उजव्या. मिशीवाले म्हणाले, नव्यानं सुरू करताय तर आमच्या पद्धतीनं करा, म्हणजे तुमचा ट्रान्समीटर वेळेला आम्हालाही हातात घेता येईल.

"माझा कुठला हात थरथरतो?" काकांनी त्यांना इंग्रजीत विचारलं.

"उजवा."

"आणि तुम्ही म्हणता, नाक त्याच हातात द्या."

मिशीवाल्यांनी आपला ट्रान्समीटर उचलला. काका म्हणाले, "पंख थोडे हलतील. नाक हलणार नाही. तुम्ही नाक बघा." ट्रान्समीटरला आधार म्हणून त्यांनी एक पाटी बनवली होती, पट्ट्यानं गळ्यात अडकवलेली, चणे-फुटाणेवाल्याची असते तशी. तिच्यावर मनगटं टेकून ते उभे राहिले. मैदानावरची सगळी माणसं बघत होती. काकांना त्याचं काही नव्हतं.

त्या दिवशी मिशीवाल्यांनी बटण दाबलं. पुढच्या शनिवारीही दाबलं. पंख जरा लटपटले की त्यांचा धीर सुटायचा, अंगठा बटणावर जायचा आणि विमान काकांच्या हातून निघून जायचं. माणूस चांगला होता, काळजीनंच करायचा. पण काळजीनं केलेलंही हिसकावणंच असतं.

मैदानावर मात्र माझी अहो-जाहो बंद झाली. मी शेजारी उभी राहून दुसऱ्यांची विमानं कुठं आहेत ते सांगायचं, हे माझं काम. पहिल्याच दिवशी मी खाली ट्रान्समीटरकडे बघत होते. "कुठं बघतेस? वर बघ!" माझं काळीज लख्ख झालं. परतीच्या वाटेवर गाडीत बसलो तर पुन्हा, "अहो, तुमचा पट्टा लावा."

आणखी एक भांडण झालं ते ओरडण्यावरून. तिथली रीत अशी की विमान उतरवायचं असेल तर उतरवणाऱ्यानं मोठ्यानं सांगायचं, म्हणजे पट्टीवर गेलेली माणसं बाजूला होतात. सगळे 'लँडिंग' ओरडायचे. काका ओरडायचे, "उतरतोय!" मिशीवाले म्हणाले, इंग्रजीत म्हणा, सुरक्षिततेचा प्रश्न आहे. काका म्हणाले, "विमान पडायला लागलं की माणूस आईच्या भाषेत ओरडतो. तेव्हा तुम्हाला कळायला हवं असेल तर आत्ताच शिकून ठेवा." आणि त्यांनी सगळ्यांना खुर्च्यांवर बसवून तो शब्द म्हणून घेतला. "उटर्टोय" म्हणणारी ती म्हातारी माणसं बघून मी हसून हसून बेजार झाले. पण शिकले सगळे.

मंडळात कुणकुण लागलीच. "काका, या वयात कशाला?" "काका, ड्रोन घ्या ना यार, त्याला काही करावंच लागत नाही." काका म्हणाले, "म्हणूनच घेत नाही." एक बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, तू त्यांना समजाव, तू तिथं राहतेस ना. मी म्हटलं, मावशी, मी तिथं भाडं देते, समजावायचं काम करत नाही. भारी राग आला होता मला. माणूस म्हातारा झाला की त्याला सगळ्यांनी मिळून खुर्चीत बसवायचं आणि वर म्हणायचं, किती छान आराम करतात.

शेवटी क्लबनं निरोप दिला. आणखी एक संधी. याही वेळी बटण दाबावं लागलं तर काकांनी कायम दुसऱ्या ट्रान्समीटरला जोडूनच उडवायचं, एकट्यानं कधीच नाही. काकांनी फोन ठेवला, फ्रीजवरचा दाढीवाल्याचा कागद काढला आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवला. "दावं लावून मी उडवणार नाही. बटण दाबलं गेलं तर त्याच संध्याकाळी विमान याच्याकडे पोचवायचं. तुम्ही पोचवायचं. माझ्यानं होणार नाही."

मी म्हटलं, काका, असं काय बोलता. म्हणाले, "एक तर उडेल नाहीतर टांगलं जाईल. मधलं मला नको."

मुलगीही त्या शनिवारसाठी आली, विमानानं, आदल्या रात्री. बाबांना शेवटचं समजवायला आली होती. जाळीपाशी हाताची घडी घालून उभी राहिली, काळा चष्मा लावून. वारा होता. काकांनी लाल विमान पट्टीवर ठेवलं, दांड्या हलवल्या, "डावं, उजवं, वर, खाली," प्रत्येक वेळी विमानाकडे बघून. मिशीवाले दुसरा ट्रान्समीटर घेऊन डाव्या बाजूला, मी उजव्या.

विमान उठलं. पंख लटपटत होते, नेहमीसारखे. नाक सुतासारखं सरळ. एक फेरी झाली, दुसरी झाली. मिशीवाल्यांचा अंगठा बटणावर होता पण दाबला नव्हता. आणि मैदानाच्या पार पलीकडच्या टोकाला असताना इंजिन बंद पडलं.

आवाज एकदम थांबला. विमान खाली यायला लागलं. जाळीकडून मुलगी ओरडली, "टेक इट! टेक इट फ्रॉम हिम!" मिशीवाल्यांचा अंगठा पांढरा पडला होता. काकांनी नजर विमानावरून हलवली नाही. सावकाश म्हणाले, "हात काढ." मिशीवाल्यांना मराठी कुठलं कळायला. पण त्यांनी काकांच्या डाव्या हाताकडे पाहिलं. तो हात दगडासारखा स्थिर होता. त्यांनी अंगठा उचलला.

"उतरतोय!"

पट्टीवर एक जण आपलं विमान उचलत होता, तो विमान तिथंच टाकून पळाला. लाल विमान झुडपांवरून आलं, पंख कलंडत, पुन्हा सावरत, नाक जरासंही न हलवता. चाकं टेकली. उडी मारली, पुन्हा टेकली आणि आमच्यासमोर येऊन थांबलं.

काकांनी गळ्यातली पाटी काढली. "बटण दाबलंत?"

"नाही," मिशीवाले म्हणाले. त्यांनी आपला ट्रान्समीटर खाली ठेवला. "मी घेतलं असतं तर पाडलं असतं."

"मला माहीत आहे," काका म्हणाले. नम्रता वगैरे त्यांच्याकडे नव्हती.

मुलगी तरातरा आली. "दॅट वॉज रेकलेस, बाबा." काका म्हणाले, "हो. चहा घेतेस?" थर्मासमधून त्यांनी दोन पेले भरले, दोन्ही अर्धे. तिनं चष्मा काढला तेव्हा डोळे लाल होते. तिनं चहा घेतला.

घरी आल्यावर काकांनी दाढीवाल्याचा कागद केराच्या डब्यात टाकला. गॅरेजचं दार त्यानंतर कधी बंद नसायचं. माझी गाडी मात्र बाहेरच राहिली, आत जागा कुठं होती.

मी नंतर स्वतःचं घर घेतलं, तरी शनिवार चालूच राहिले. त्यांनी मलाही शिकवलं, त्यांच्याच पद्धतीनं, नाक डाव्या हातात. मी म्हटलं, काका, माझे दोन्ही हात ठीक आहेत, मी अमेरिकन पद्धतीनं शिकू का? त्यांनी पेला खाली ठेवून माझ्याकडे बघितलं. मी गप्प शिकले.

ते गेल्या हिवाळ्यात गेले. आदल्या शनिवारपर्यंत उडवत होते, एकट्यानं, पाटी गळ्यात घालून. मुलगी घर रिकामं करायला आली आणि तिनं मला बोलावलं. अंगणातली बाही तिनं आधीच सोडून घडी करून पर्समध्ये ठेवली होती. गॅरेजमध्ये लाल विमानापाशी आम्ही बराच वेळ उभ्या होतो.

"आय कुड हँग इट," ती म्हणाली. "माझ्या लिव्हिंग रूममध्ये. काउचच्या वर." आणि मग माझं तोंड बघून स्वतःच म्हणाली, "ओह गॉड. ही वुड थ्रो मी आउट."

"मीही हाकलीन," मी म्हटलं.

सकाळी मैदानावर गेलो. मिशीवाले खुर्चीतून उठले. म्हणाले, तू त्याच्या पद्धतीनं उडवतेस, काही झालं तर इथं तुला मदत करता येणारं कुणी नाही. मी म्हटलं, नकोच आहे. डावं, उजवं, वर, खाली बघितलं आणि लाल विमान वर नेलं. माझ्या शेजारी उभं राहायला माणूस हवं होतं, मुलगी उभी राहिली. सारखी माझ्या हातांकडे बघत होती. मी म्हटलं, "कुठं बघतेस? वर बघ." तिनं वर बघितलं.

वारा वाढायला लागला तसं मी विमान वळवलं. पट्टीवर दोघं-तिघं उभे होते. मी ओरडायला तोंड उघडलं, पण त्याआधीच माझ्या कानाशी ती ओरडली, सगळा जोर लावून, अमेरिकन ट घालून, पण बाबा ओरडायचे तोच शब्द, "उटर्टोय!"

पट्टी रिकामी झाली. मी विमान उतरवलं.